अकरा वर्षांच्या मुलीला स्पर्धा परीक्षेचं व्याकरण कशाला?

तेलंगणातल्या आदिलाबादच्या मराठी घरांत अभ्यासाच्या फळीवर एक जाड पुस्तक दिसतं. गुळगुळीत मुखपृष्ठ, ठळक अक्षरांत 'संपूर्ण मराठी व्याकरण', खाली 'सर्व स्पर्धा परीक्षांसाठी उपयुक्त'. नांदेडला किंवा यवतमाळला लग्नाला गेलेले बाबा येताना ते घेऊन येतात आणि सहावीतल्या मुलीच्या हातात ठेवतात. हेतू चांगलाच असतो. मुलगी तेलुगू नाहीतर इंग्रजी शाळेत जाते, मराठी हातची सुटत चालली आहे, निदान व्याकरण तरी पक्कं व्हावं.

महिन्याभरात ती मुलगी अव्ययांचे प्रकार घडाघडा म्हणते. कर्तरी, कर्मणी, भावे सांगते. आणि लगेच विचारते, "बाबा, माझी पुस्तक कुठं ठेवला?"

तलाठी भरतीला बसणाऱ्या पंचविशीतल्या तरुणाला मराठी येतच असते. आपल्या भाषेच्या भागांची नावं लक्षात ठेवून चार पर्यायांतला एक निवडणं, एवढंच त्याचं काम. ते पुस्तक त्याच्यासाठी लिहिलंय आणि त्याच्यासाठी ते ठीक आहे. अकरा वर्षांच्या मुलीला आधी भाषा हवी आहे, नावं नंतर. जिला 'ते पुस्तक' म्हणता येत नाही तिच्याकडून नपुंसकलिंगाची व्याख्या पाठ करून घेणं म्हणजे तिचा वेळ वाया घालवणं आहे. वर मराठीबद्दल नावड निर्माण होते ती वेगळीच. मी हे पुस्तक मुलांच्या फळीवरून काढून टाका असं स्पष्ट सांगतो. दहा वर्षांनी भरतीची जाहिरात निघाली की पुन्हा घ्या.

घरशाळा म्हटलं की मुलांना शाळेतच न घालता सगळे विषय घरी शिकवणारी शहरी कुटुंबं डोळ्यांपुढे येतात. आदिलाबादेत अशी घरं विरळा. पण मराठीपुरतं पाहिलं तर इथली कितीतरी घरं घरशाळाच चालवतात. शाळेत तेलुगू, इंग्रजी, हिंदी. मराठी शिकवायची ती आईनं, आजोबांनी, संध्याकाळी जेवणाआधी. बेला, जैनथसारख्या सरहद्दीच्या मंडलांत मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत, पण शहरात राहणाऱ्या किंवा खाजगी शाळेत गेलेल्या मुलाला त्यांचा उपयोग नाही. तेव्हा सहावी ते आठवीच्या मुलाला मराठी व्याकरण कोणतं, किती आणि कशातून शिकवायचं, हे इथं घरानंच ठरवायचं आहे.

सहावी ते आठवीच का? त्याला कारण आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यं झाली. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. नांदेड जिल्ह्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही महसुली मंडळं इकडे आली. रेषा ओढली गेली आणि रेषेच्या या बाजूला हजारो मराठी घरं उरली. त्याच दिवशी सातवी घटनादुरुस्ती लागू झाली आणि तिच्यासोबत कलम ३५०अ आलं. भाषिक अल्पसंख्य मुलांना मातृभाषेतून शिक्षणाची सोय राज्यांनी करावी, असं ते सांगतं. पण ते प्राथमिक टप्प्यापुरतं सांगतं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही माध्यम मातृभाषा असावं असं आहे, मात्र 'व्यवहार्य असेल तितपत'. घटनेचं वचन पाचवीला संपतं. मूल सहावीत गेलं की त्याच्या मराठीची जबाबदारी घेणारं घराखेरीज कुणी राहत नाही. आणि नेमक्या याच वयात, अकरा ते चौदाच्या दरम्यान, मुलाचं वाक्य लांबतं, त्याला कारणं द्यावीशी वाटतात, मनातलं कागदावर उतरवावंसं वाटतं. तेव्हाच त्याच्या हातून भाषा सुटते.

तेलंगणानं २०१८ साली कायदा करून सगळ्या शाळांत तेलुगू सक्तीची केली. २०१८-१९ पासून पहिली आणि सहावीच्या वर्गांत ती सुरू झाली. काही मराठी पालक यावर कुरकुरतात. ती कुरकुर सोडा. जिथं राहतो तिथली भाषा मुलाला आलीच पाहिजे. महाराष्ट्रानंही २०२० मध्ये मराठीसाठी असाच कायदा केला आहे. मला तर वाटतं, आदिलाबादच्या मराठी मुलाला व्याकरण शिकवायचं सगळ्यात चांगलं साधन त्याची तेलुगूच आहे. पुण्यात छापलेल्या एकाही व्याकरणाच्या पुस्तकाला हे माहीत नाही, म्हणून ते इथं अपुरं पडतं.

जरा नीट पाहू. तेलुगूत 'आमे वच्चिंदि' म्हणजे ती आली आणि 'बस्सु वच्चिंदि' म्हणजे बस आली. एकवचनात बाईला, जनावराला, वस्तूला क्रियापद एकच. वेगळं रूप फक्त पुरुषाला. मराठीत मात्र खुर्ची येते, दगड येतो, पुस्तक येतं. निर्जीव वस्तूलाही तीन लिंगं. दिवसभर तेलुगूत विचार करणाऱ्या मुलाला हे तिहेरी जाळं सुचणार कुठून? त्यात हिंदीत 'पुस्तक' स्त्रीलिंगी, म्हणून 'माझी पुस्तक'. मूल चुकलं नाही, त्यानं दुसऱ्या भाषेचा नियम इमानदारीनं लावला. त्याला रागावू नका. नियम कुठून आला ते दाखवा.

प्रयोगाचंही असंच. 'नेनु रोट्टे तिन्नानु', 'नेनु अन्नम तिन्नानु'. तेलुगूत खाणारा तोच, म्हणून क्रियापद तेच. मराठीत मी भाकर खाल्ली, मी भात खाल्ला, मी पिठलं खाल्लं. भूतकाळात क्रियापद खाणाऱ्याला सोडून खाल्लेल्या पदार्थाच्या मागे जातं. म्हणून आपली मुलं 'मी भाकर खाल्लो' म्हणतात. 'कर्मणी प्रयोग' हा शब्द न उच्चारता जेवणाच्या ताटावर हा धडा शिकवता येतो. ताटात चार पदार्थ असले तर चार वाक्यं होतात. आठवडाभर रोज जेवताना ही वाक्यं करवून घ्या. मग आठव्या दिवशी सांगा की याला कर्मणी प्रयोग म्हणतात. नाव शेवटी आलं की ते मुलाला कळतं.

जिथं दोन्ही भाषा जुळतात तिथं तर अर्धं काम झालेलंच असतं. 'आम्ही जातो' आणि 'आपण जाऊ' यातला फरक इंग्रजीत नाही, हिंदीत नाही. तेलुगूत आहे: 'मेमु' आणि 'मनम'. ऐकणाऱ्याला वगळून एक, त्याला धरून दुसरं. मुंबईतल्या इंग्रजी शाळेतल्या मुलाला हे समजवायला वेळ लागतो. बेल्याच्या मुलाला एका वाक्यात कळतं. सामान्यरूप घ्या. 'घर'चं 'घराला' होताना मध्ये 'घरा' का येतं, हे मुलं विचारतात. तेलुगूतही 'इल्लु'चं 'इल्लुकि' होत नाही, 'इंटिकि' होतं. 'कन्नु'चं 'कंटिकि' होतं. प्रत्यय लागण्याआधी शब्द आपलं रूप बदलतो, ही सवय त्याला आधीच आहे. 'येतो म्हणून सांगितलं' या वाक्यातलं 'म्हणून' जिथं बसतं तिथंच तेलुगूचं 'अनि' बसतं. आणि संधी-समासाची तर नावंसुद्धा तीच. तेलुगूच्या तासाला सवर्णदीर्घ संधी, गुणसंधी, द्वंद्व, तत्पुरुष, बहुव्रीही हे सगळं शिकून आलेल्या मुलाला घरी मराठीचं तेच प्रकरण पहिल्यापासून शिकवायचं काही कारण नाही. त्याला विचारा, 'विद्यालयम' कसं फोडलंस? मग 'विद्यालय' त्याला फोडता येतंच.

म्हणून माझं सांगणं असं की एक वही करा. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर तेलुगू. तेलंगणाच्या सरकारी शाळांत २०२२-२३ पासून इंग्रजी माध्यम आलं तेव्हा एका पानावर इंग्रजी आणि समोर तेलुगू अशी द्विभाषिक पुस्तकं निघाली. मुलांना समोरासमोरची पानं वाचायची सवय आहे. जुळलेलं हिरव्या शाईनं, न जुळलेलं लाल शाईनं लिहायचं. वही मुलानं लिहायची, पालकांनी फक्त विचारायचं. तेलुगू लिहिता न येणाऱ्या आजोबांनाही या वहीत भाग घेता येतो, कारण मराठी पान त्यांचं.

शुद्धलेखनाकडे येऊ. इथंही तेलुगूचा माग लागतो. तेलुगूत आणि हिंदीतही 'कवि', 'शक्ति', 'भक्ति' ऱ्हस्व. मराठीत सुटा शब्द लिहिताना शेवटचा इकार दीर्घ: कवी, शक्ती, भक्ती. मूल ऱ्हस्व लिहितं ते निष्काळजीपणानं नव्हे. एकदा तोंडानं सांगून भागत नाही, रोज दहा शब्द लिहून घ्यावे लागतात. मग 'बहीण' पण 'बहिणीला', 'फूल' पण 'फुलाला', 'गरीब' पण 'गरिबाला'. हे दोन नियम पक्के झाले तरी वहीतल्या कितीतरी लाल खुणा कमी होतील. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम एकूण अठरा. चौदा १९६२ साली आले, चार १९७२ साली. अठराच्या अठरा सहावीतल्या मुलापुढे ठेवण्याची गरज नाही. सहावीला दोन, सातवीला चार, आठवीला आणखी चार, एवढं पुरे. 'कवी' दीर्घ पण 'कविसंमेलन' ऱ्हस्व, ही गोष्ट आठवीसाठी राखून ठेवा.

आता एक गोष्ट, जिच्याबद्दल मला राग आहे. पेनगंगेच्या दोन्ही काठांवर मले, तुले, कायले असं बोललं जातं. सुट्टीत पुण्याहून आलेला पाहुणा ते ऐकून हसतो, आणि आपलेच पालक मुलाला दटावतात, "नीट मराठी बोल." यात अनीट काय आहे? 'मला'तला 'ला' जितका नियमानं चालतो तितकाच 'मले'तला 'ले' चालतो. घराले, शेताले, माणसाले. सामान्यरूप जागच्या जागी, प्रत्यय ठरलेला. मुलाला हेच दाखवा: तुझ्या बोलीलाही व्याकरण आहे, आणि ते तुला शिकवण्याआधीपासून येतं. आजीशी बोलताना मले, निबंध लिहिताना मला. दोन्ही त्याचे. ज्या मुलाला त्याची घरची भाषा चुकीची आहे असं सांगितलं जातं, ते प्रमाण मराठीही लिहीत नाही. सरळ तेलुगू किंवा इंग्रजीकडे वळतं. या सरहद्दीवर मराठी कमी होण्यात सरकारइतकाच आपल्या दटावण्याचाही हात आहे.

घरच्या भाषेतून शिकवण्याचं आपल्या मुलखात एक जुनं उदाहरण आहे. १९४० च्या दशकात, निजामाच्या राजवटीत, क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञानं मारलवाईला गोंड शिक्षकांसाठी केंद्र काढलं. गोंड मुलांना पहिली अक्षरं गोंडी भाषेतून शिकवायची, असं ठरलं आणि त्यासाठी गोंडी वाचनपुस्तकं देवनागरीत तयार झाली. घरात बोलतात तीच भाषा पुस्तकात आली. मारलवाई तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होतं. २०१६ च्या विभाजनानंतर ते कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. सत्तरऐंशी वर्षांपूर्वी आदिलाबादच्या जंगलात जे जमलं, ते आज घरात दोन-तीन पदवीधर असलेल्या मराठी कुटुंबाला जमू नये?

तर मग पुस्तक कोणतं? स्पष्ट सांगतो. महाराष्ट्राच्या बालभारतीची सहावी, सातवी, आठवीची पुस्तकं. इतर माध्यमांच्या मुलांसाठी 'सुलभभारती' मालिका आहे, ती घ्या. मूल वाचनात पुढे असेल तर मराठी माध्यमाचं 'बालभारती' एक इयत्ता मागचं घ्या. बालभारतीच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळतात, छापील हवी असतील तर किनवट-नांदेडहून कुणी येणारं असतंच. या पुस्तकांत व्याकरण धड्याच्या पोटात येतं, आधी गोष्ट किंवा कविता आणि मग त्यातल्याच वाक्यांवर प्रश्न. या वयाला हीच रीत योग्य. सोबत तेलंगणा सरकारनं मराठी माध्यमासाठी काढलेली पाठ्यपुस्तकंही मिळवा. मराठी माध्यमाच्या जवळच्या शाळेत विचारलं तर जुनी प्रत मिळू शकते.

सुलभभारतीतही उणीव आहे. ती महाराष्ट्रातल्या मुलासाठी आहे. त्या मुलाला शाळेत नसली तरी दुकानात, रस्त्यावर, बसमध्ये मराठी ऐकू येते. लिंगाचा सराव त्याचा आपोआप होतो. आदिलाबादच्या मुलाचा होत नाही. म्हणून पुस्तकात लिंगावर पाच वाक्यं असतील तर तुम्ही पन्नास करवून घ्या. डाव्या-उजव्या पानांची वही त्यासाठीच आहे.

पालकांच्या हाताशी दोन पुस्तकं असावीत. मो. रा. वाळंबे यांचं 'सुगम मराठी व्याकरण लेखन' शंका फेडायला, आणि यास्मिन शेख यांचं 'मराठी लेखन मार्गदर्शिका' शुद्धलेखनासाठी. यास्मिनबाईंनी २०२५ मध्ये वयाची शंभरी गाठली. मराठी नीट लिहिली जावी म्हणून त्यांनी उभं आयुष्य वेचलं. दोन्ही पुस्तकं मोठ्यांनी वाचायची आणि मुलाला सोपं करून सांगायची आहेत. मोरो केशव दामले यांचं १९११ चं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' ज्यांना आवड आहे त्यांनी जरूर वाचावं, मुलासमोर उघडू नये. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मोठं व्याकरण १८३६ साली आलं; पुढे १८६५ साली त्यांनी 'लघु व्याकरण' वेगळं काढलं. मराठीचे पाणिनी म्हणवले गेलेल्या माणसाला लहान पुस्तकाची गरज कळली होती. आपल्या बाजारातल्या प्रकाशकांना ती कधी कळणार?

बहुतेक घरांत रेन अँड मार्टिनचं इंग्रजी व्याकरण मात्र न मागता येतं आणि पाचवीपासून घोटलं जातं. इंग्रजीसाठी आठवड्याला पाच शिकवण्या आणि मराठीसाठी पाच मिनिटं नाहीत, हे मला मान्य नाही. आठवड्यातून चार संध्याकाळी वीस मिनिटं काढा. दहा मिनिटं मोठ्यानं वाचन, दहा मिनिटं वही. रविवारी एक पत्र: कापूस वेचणीचं, पोळ्याचं, बासरच्या यात्रेचं, महाराष्ट्रातल्या मामाला किंवा आत्याला. खरं पत्र, टपालपेटीत पडणारं. चुका दुरुस्त करायच्या तर एका पत्रातल्या दोनच करा, बाकीच्या राहू द्या. मामानं उत्तर पाठवलं तर मूल पुढचं पत्र आपणहून लिहील.

ज्यांनी मुलांना खरोखरच शाळेतून काढून घरी शिकवायला घेतलं आहे, त्यांच्यासाठी एवढंच: राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या (एनआयओएस) दहावीला मराठी हा भाषाविषय घेता येतो आणि तेलुगूही घेता येते. दोन्ही घ्या. दहावीच्या मराठीत व्याकरणाबरोबर उतारा वाचून स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहावं लागतं, तेव्हा आठवीपर्यंत भर वाचन-लेखनावर ठेवा.

आणि शेवटी आदिलाबाद, निर्मल, आसिफाबादमधल्या मराठीच्या शिक्षकांना, विशेषतः निवृत्त झालेल्यांना, एक विनंती. तुम्हाला मराठी येते, तेलुगू येते, इथली बोली येते आणि इथलं मूल कुठं अडतं ते माहीत आहे. पुण्यामुंबईत बसलेल्या कुणालाही हे चारही एकत्र ठाऊक नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा इथंही आनंद झाला. पण त्या दर्जानं आपल्या सहावीतल्या मुलीला 'ते पुस्तक' म्हणता येणार नाही. तेलुगू शाळेत जाणाऱ्या मराठी मुलासाठी साठ-सत्तर पानांची एक व्याकरणवही लिहा. डावीकडे मराठी, उजवीकडे तेलुगू, उदाहरणं इथल्या शेतातली आणि बाजारातली, मागे पालकांसाठी उत्तरं. झेरॉक्स काढून वाटली तरी चालेल. तेलंगणातल्या शाळा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उघडतात. त्याआधी सहावीची वही तरी तयार करा.